साहेबाचा फुटबॉल युरोपात का अडखळतो?

२०१९ सालच्या डिसेंबरात लिव्हरपूल या बलाढ्य क्लबवर एक विचित्र प्रसंग ओढवला. १७ तारखेच्या रात्री त्यांचा बर्मिंगहॅममध्ये अ‍ॅस्टन व्हिलाशी लीग कपचा उपांत्यपूर्व सामना होता आणि १८ तारखेला हजारो मैल दूर, कतारमधील दोहा शहरात जागतिक क्लब स्पर्धेचा उपांत्य सामना. एकाच नवऱ्याची दोन गावांत लागोपाठच्या मुहूर्तांवर लग्ने ठरावीत, तशी ही गत! इंग्लंडमधला सामना पुढे ढकलावा, तर वेळापत्रकात सोयीची तारीख सापडेना. अखेर क्लबने घरातल्या मंडळींची वाटणी केली. कर्ती माणसे दोह्याला गेली आणि पोरेसोरे बर्मिंगहॅमला. सरासरी वय विशीच्याही आत असलेला तो पोरांचा संघ ५-० असा सपाटून हरला. व्यवस्थापक युर्गेन क्लॉप यांनी हा पराभव दोह्यात बसून टीव्हीवर पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या थोरल्या संघाने मेक्सिकोच्या मॉन्तेरेला २-१ असे हरवले.

हा किस्सा ऐकून हसू येते. पण इंग्लिश फुटबॉलचे एक जुने दुखणे त्यात नेमके दिसते. इंग्लंडची प्रीमियर लीग ही जगातली सर्वांत श्रीमंत लीग. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्यापासून फुटबॉलवेड्या कोल्हापूरपर्यंत कितीतरी घरांत तिचे सामने रंगतात. पोरांच्या अंगावर लाल, निळे, पांढरे शर्ट असतात. खेळाडूंच्या खरेदीत या क्लबांच्या थैलीपुढे युरोपातले भलेभले हात टेकतात. मग युरोपच्या सर्वोच्च चषकावर या मंडळींची सत्ता का नाही?

हिशेबच मांडायचा तर असा आहे. १९५६ पासून २०२५ पर्यंत इंग्लंडच्या सगळ्या क्लबांनी मिळून युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, १५ वेळा जिंकली. याच काळात स्पेनच्या एकट्या रिअल माद्रिदनेही ती १५ वेळाच जिंकली! एका बाजूला अख्खा देश आणि दुसऱ्या बाजूला एक क्लब, तरी तराजू समान.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंडचे हे १५ चषक ६ वेगवेगळ्या क्लबांनी मिळवले आहेत. लिव्हरपूल ६, मँचेस्टर युनायटेड ३, नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि चेल्सी प्रत्येकी २, अ‍ॅस्टन व्हिला व मँचेस्टर सिटी प्रत्येकी १. इतके निरनिराळे विजेते दुसऱ्या कोणत्याही देशाने दिलेले नाहीत. तेव्हा साहेबाला खेळता येत नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याला कधी येते आणि कधी येत नाही, हे पाहण्यात मौज आहे.

आम्हाला कोण शिकवणार?

या कथेची सुरुवात अहंकारापासून होते. फुटबॉलचे नियम इंग्लंडने लिहिले, त्यामुळे हा खेळ आपल्या बापाचा, अशी साहेबाची पक्की समजूत होती. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर येऊन इंग्लंडला ६-३ असे धुतले. सहा महिन्यांनी बुडापेस्टमध्ये ७-१ असे आणखी धुतले. तरी समजूत काही पुरती धुऊन निघाली नाही.

१९५४ च्या डिसेंबरात वुल्व्हज या इंग्लिश क्लबने हंगेरीच्या होनवेद संघाला प्रकाशझोतातल्या सामन्यात ३-२ असे हरवले. होनवेदमध्ये पुश्काशसारखे राष्ट्रीय संघातले मोहरे होते आणि ते २-० असे आघाडीवरही होते. पण वुल्व्हजचे व्यवस्थापक स्टॅन कलिस यांनी आधीच ओल्या मैदानावर आणखी पाणी मारून ठेवले होते. उत्तरार्धात हंगेरीच्या नाजूक पासांचा त्या चिखलात पार लगदा झाला. इंग्लिश वर्तमानपत्रांनी मात्र वुल्व्हजना जगज्जेते ठरवून टाकले.

ते वाचून पॅरिसच्या ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाचे संपादक गाब्रिएल आनो यांना राहवले नाही. जगज्जेते ठरवायचे तर वुल्व्हजनी मॉस्को आणि बुडापेस्टलाही जाऊन खेळून दाखवावे, असे त्यांनी सुनावले आणि युरोपातल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा भरवण्याची कल्पना मांडली. १९५५ मध्ये ती स्पर्धा सुरूही झाली. म्हणजे युरोपियन कपचा जन्मच मुळी साहेबाच्या बढाईतून झाला!

आणि पहिल्या वर्षी इंग्लंडचा एकही क्लब तिथे नव्हता. लीग विजेत्या चेल्सीला आमंत्रण होते. पण इंग्लिश फुटबॉल लीगच्या कारभाऱ्यांनी त्यांचे मन वळवले. घरच्या सामन्यांची आबाळ होईल, ही भीती होती. चेल्सीने माघार घेतली, त्यांच्या जागी पोलंडचा एक क्लब खेळला आणि चषक रिअल माद्रिदने नेला. ‘आधी लीग, मग युरोप’ हा धडा पहिल्याच वर्षी फळ्यावर लिहिला गेला. तो आजवर पुरता पुसला गेलेला नाही.

शनिवारी परत यायचे होते

तो धडा मोडला मॅट बझ्बी यांनी. मँचेस्टर युनायटेडचे हे स्कॉटिश व्यवस्थापक दूरदृष्टीचे होते. १९५६ मध्ये त्यांनी लीगच्या नाराजीची पर्वा न करता आपला तरुण संघ युरोपात उतरवला. घरच्या पहिल्याच सामन्यात या पोरांनी बेल्जियमच्या अँडरलेक्टवर १० गोल चढवले. त्या वर्षी उपांत्य फेरीत रिअल माद्रिदने त्यांना अडवले, पण पुढचे वर्ष आपले, असे सगळ्यांना वाटत होते.

पुढच्या वर्षी, ५ फेब्रुवारी १९५८ रोजी, युनायटेडने बेलग्रेडमध्ये रेड स्टारशी ३-३ अशी बरोबरी करून उपांत्य फेरी गाठली. शनिवारी मँचेस्टरमध्ये वुल्व्हजविरुद्ध लीगचा महत्त्वाचा सामना होता. मधल्या वारी खेळून शनिवारपर्यंत वेळेवर परतणे हा युनायटेडच्या डोक्याला कायमचा ताप होता. काही आठवड्यांपूर्वीच प्रागहून परतताना धुक्यामुळे त्यांचा प्रवास रखडला होता. म्हणून या वेळी क्लबने खास विमान ठरवले होते. ६ तारखेला ते विमान इंधनासाठी म्युनिकला उतरले. बर्फ पडत होता. दोनदा उड्डाणाचा प्रयत्न फसला. तिसऱ्या प्रयत्नात विमान धावपट्टी सोडून पुढे घुसले आणि कोसळले. २३ माणसे गेली. त्यांत युनायटेडचे ८ खेळाडू होते. २१ वर्षांचा डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस इस्पितळात मृत्यूशी झुंजला आणि अखेर हरला.

अपघाताचे खापर वेळापत्रकावर फोडता येत नाही. पण शनिवारची ती टांगती तलवार त्या विमानातही होती, हे विसरता येत नाही. बझ्बी स्वतः मरणाच्या दारातून परत आले. त्यांनी पुन्हा संघ उभा केला आणि दहा वर्षांनी, २९ मे १९६८ रोजी, युनायटेडने वेम्ब्लीवर बेन्फिकाला जादा वेळेत ४-१ असे हरवून युरोपियन कप जिंकला. हा मान मिळवणारा तो पहिला इंग्लिश क्लब. त्या दिवशी दोन गोल करणारा बॉबी चार्ल्टन आणि बचावातला बिल फोक्स, हे दोघेही म्युनिकच्या विमानातून वाचलेले होते.

बुटांच्या खोलीतली शाळा

पुढे इंग्लिश क्लबांचा जो सुवर्णकाळ आला, त्याचे मूळ एका पराभवात आहे. १९७३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर बेलग्रेडच्या त्याच रेड स्टारने लिव्हरपूलला दोन्ही सामन्यांत २-१ असे हरवले. दुसरा पराभव तर अ‍ॅनफिल्डवर, घरच्या प्रेक्षकांसमोर. लिव्हरपूलचे खेळाडू धावत होते, भिडत होते, चेंडू उंच उडवत होते. रेड स्टारचे गडी शांतपणे तो एकमेकांना देत होते.

अ‍ॅनफिल्डवर खेळाडूंचे बूट ठेवण्याची एक छोटी खोली होती. सामन्यानंतर व्यवस्थापक बिल शँक्ली यांचे सहकारी तिथे जमत आणि खेळाचा कीस काढत. बॉब पेस्ली, जो फेगन, रॉनी मोरान ही त्यातली मुख्य मंडळी. रेड स्टारने हरवल्यावर या खोलीत जी चर्चा झाली, तिचा निष्कर्ष साधा होता. युरोपात चेंडू हातचा घालवला की तो सहजासहजी परत मिळत नाही. तेव्हा तो घालवायचा नाही. धिप्पाड बचावपटूने चेंडू नुसता लांब भिरकावून चालणार नाही. बचावातूनच खेळ रचला पाहिजे. उंचापुरा लॅरी लॉइड मागे पडला आणि चेंडू खेळवू शकणारा फिल थॉम्पसन पुढे आला.

हरल्यावर पंचांना आणि नशिबाला बोल लावणे सोपे असते. लिव्हरपूलच्या मंडळींनी प्रतिस्पर्ध्याची वही उतरवून घेतली. फळ मिळायला चार वर्षे लागली. १९७७ ते १९८२ सलग सहा वर्षे युरोपियन कप इंग्लंडमध्येच राहिला. लिव्हरपूल तीनदा, फॉरेस्ट दोनदा, व्हिला एकदा. १९८४ मध्ये लिव्हरपूलने रोममध्ये जाऊन रोमालाच पेनल्टींवर हरवले. त्यातली एक गंमत अशी की १९७८ ते १९८२ या पाच वर्षांतले पाचही अंतिम सामने इंग्लिश क्लबांनी १-० असेच जिंकले. एक गोल करायचा आणि मग दाराला कडी लावायची. धसमुसळेपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या साहेबाने ही सबुरी युरोपाकडूनच शिकली होती.

इथे एक शंका रास्त आहे. त्या काळीही इंग्लंडच्या पहिल्या विभागात २२ क्लब होते, लीगचे ४२ सामने होते आणि वर दोन चषक. मग तेव्हा थकवा कुठे गेला होता? त्याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. त्या काळी युरोपियन कप नऊ सामन्यांत जिंकता येई. २०२४ पासूनच्या नव्या रचनेत १५ किंवा १७ सामने खेळावे लागतात. दुसरे म्हणजे खेळ तेव्हा संथ होता. सहकाऱ्याने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात धरण्याची मुभा १९९२ पर्यंत होती. आघाडी मिळाली की लिव्हरपूलचे बचावपटू चेंडू खुशाल मागे देत आणि श्वास घेत. तो नियम बदलला आणि विश्रांतीची ती सोयही गेली.

हेझेल

हा सुवर्णकाळ संपवणारे दुसरे कोणी नव्हते, त्यांचेच प्रेक्षक होते. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यातला अंतिम सामना होता. सामन्यापूर्वी लिव्हरपूलच्या काही प्रेक्षकांनी शेजारच्या भागातील लोकांवर चाल केली. माणसे भिंतीकडे रेटली गेली, चेंगराचेंगरी झाली, भिंत कोसळली. ३९ जण मरण पावले. त्यांतले बहुतेक युव्हेंटसला पाठिंबा द्यायला आलेले इटालियन होते. इतके होऊनही सामना खेळवला गेला आणि युव्हेंटसने तो १-० असा जिंकला. त्या चषकाचा आनंद कोणाला झाला असेल?

इंग्लिश क्लबांवर युरोपात खेळण्याची बंदी आली. ती पाच वर्षे टिकली. लिव्हरपूलला आणखी एक वर्ष. ३९ बळींपुढे कोणत्याही क्लबचे नुकसान क्षुल्लकच. पण सुक्याबरोबर ओलेही जळाले, हेही खरे. हेझेलच्या दोनच आठवडे आधी लिव्हरपूलच्याच गावच्या एव्हर्टनने कप विनर्स कप जिंकला होता. त्याच वर्षी ते लीग विजेतेही होते. १९८७ मध्ये ते पुन्हा विजेते झाले. युरोपियन कप जिंकण्याच्या तोडीचा तो संघ दोन्ही वेळा घरीच बसला. व्यवस्थापक हॉवर्ड केंडल स्पेनला निघून गेले आणि तो संघ हळूहळू विखुरला. ऑक्सफर्ड युनायटेड, ल्युटन टाउन, विम्बल्डन या छोट्या क्लबांनी याच काळात देशातले चषक जिंकले. एरवी त्यांना युरोपची दारे उघडली असती. चषक जिंकून युरोपात जाण्याचा तो योग त्यांच्या नशिबी पुन्हा आला नाही.

बंदीच्या काळात युरोप थांबून राहिला नव्हता. इटलीत आरिगो साकी यांच्या मिलानने सगळा संघ एका दोरीत ओवल्यासारखा पुढेमागे हलवण्याचे तंत्र रुजवले आणि १९८९ व १९९० चे चषक जिंकले. इकडे इंग्लंडमध्ये काही जण चार्ल्स रीप यांच्या आकडेमोडीवर भिस्त ठेवून चेंडू लांब मारण्याचा आग्रह धरत होते. हवाई दलातल्या या हिशेबनिसाने १९५० पासून शेकडो सामन्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, असे त्यांनी दाखवले. त्यातली खोच अशी की फुटबॉलमधल्या बहुतेक चाली मुळातच तीन पासांच्या आत संपतात. मग गोलही त्यातूनच जास्त होणार! आकडे खरे होते, निष्कर्ष लंगडा होता.

परके कोण, आपले कोण?

१९९० मध्ये दार उघडले. पुढच्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडने बार्सिलोनाला हरवून कप विनर्स कप जिंकला, तेव्हा वाटले, साहेब परतला. पण ते चार दिवस सासूचे ठरले. युरोपातल्या स्पर्धांत संघात तीनच परदेशी खेळाडू चालतील, असा नियम आला. पंचाईत अशी की इंग्लिश क्लबांच्या दृष्टीने स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडचे खेळाडूही परदेशी! लहानपणापासून तिथे वाढलेल्यांसाठी दोन जागांची सवलत होती, तेवढीच. ज्या स्कॉट खेळाडूंच्या जिवावर सत्तरच्या दशकातली घोडदौड झाली, ते आता पाहुणे ठरले. व्यवस्थापकांना दर बुधवारी अर्धा संघ मोडून नवा जुळवावा लागे. २ नोव्हेंबर १९९४ रोजी बार्सिलोनात युनायटेडने याच नियमापायी आपला डॅनिश गोलरक्षक पीटर श्मायकेल बाहेर ठेवला. स्टॉइचकोव्ह आणि रोमारियो यांनी त्या रात्री युनायटेडचा ४-० असा फडशा पाडला.

डिसेंबर १९९५ मध्ये बोसमन खटल्याच्या निकालाने हा नियम मोडीत निघाला. पण नियम हा काही एकमेव आजार नव्हता. त्याआधी काही आठवडे इंग्लंडचा विजेता ब्लॅकबर्न मॉस्कोत स्पार्टाकशी खेळत असताना त्यांचे दोन खेळाडू, ग्रॅम ले सो आणि डेव्हिड बॅटी, एकमेकांवरच धावून गेले! ब्लॅकबर्न तो सामना ३-० असा हरला आणि गटात तळाला राहिला. भारतीय क्रिकेट संघाची त्या दशकातली कहाणी आठवावी. मायदेशी फिरकीच्या जोरावर भल्याभल्यांना लोळवायचे आणि परदेशात हात हलवत परतायचे. त्या दहा वर्षांत भारताने परदेशात एकच कसोटी जिंकली, १९९३ मध्ये कोलंबोला. घरची खेळपट्टी जसा खेळाडू घडवते, तशी ती त्याला बिघडवतेही.

अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांना हे उमगायला वेळ लागला. गलातासाराय, बार्सिलोना, डॉर्टमुंड, मोनाको, एकेकाने युनायटेडला घरी पाठवले. १९९६-९७ मध्ये युव्हेंटसने तर दोन्ही सामन्यांत हरवले. फर्ग्युसन दर वेळी थोडे शिकत गेले. एप्रिल १९९९ मध्ये त्याच युव्हेंटसविरुद्ध तुरीनमध्ये २-० असे मागे पडूनही युनायटेड गडबडले नाहीत; ३-२ असे जिंकले. पुढच्याच महिन्यात बायर्न म्युनिकविरुद्धच्या अंतिम सामन्यात भरपाईच्या वेळेत दोन गोल करून त्यांनी चषक उचलला.

बुधवार आणि शनिवार

त्यानंतरची पंचवीस वर्षे भरती-ओहोटीची आहेत. २००५ मध्ये लिव्हरपूल इस्तंबूलमध्ये ३-० ने मागे पडूनही जिंकले. २००८ चा अंतिम सामना युनायटेड आणि चेल्सी या दोन इंग्लिश क्लबांतच झाला. पण २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत एकही इंग्लिश क्लब नव्हता. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग या दोन्ही स्पर्धांचे चारही अंतिम संघ इंग्लंडचे. २०२४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पुन्हा कोणीच नाही. असा हा झोका.

झोक्याची एक दोरी पैशाच्या वाटपात आहे. स्पेनमध्ये २०१५ पर्यंत क्लब टीव्हीचे हक्क आपापले विकत. साहजिकच रिअल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या ताटात पुरणपोळी आणि इतरांच्या ताटात कोरडी भाकर. इंग्लंडमध्ये हे पैसे एकत्र जमा होतात आणि बरेचसे समान वाटले जातात. पहिल्या आणि शेवटच्या क्लबच्या वाट्यात दुपटीचाही फरक नसतो. हे न्यायाचे आहे, प्रेक्षकांच्या मजेचेही. पण त्यामुळे शेवटच्या क्रमांकाचा क्लबही दात-नखे असलेला असतो. शनिवारी तळाच्या संघाशीही जीव काढून झुंजावे लागते आणि बुधवारी माद्रिदसमोर उभे राहावे लागते. तिकडे माद्रिदचे मानकरी शनिवारी जरा पाय मोकळे करून आलेले असतात.

दुसरी दोरी वेळापत्रकाची. जर्मनीत नाताळात काही आठवडे फुटबॉल बंद असतो. इंग्लंडमध्ये नाताळ हाच ऐन हंगाम. सुट्टीत सहकुटुंब सामन्याला जायचे, ही तिथली परंपरा. लीगमध्ये २० क्लब. जर्मनी आणि फ्रान्समध्ये १८. फ्रान्सने आपला दुसरा चषक २०२० नंतर बंद केला; इंग्लंडमध्ये दोन्ही चालू आहेत. २०१९-२० मध्ये सुरू केलेली हिवाळ्यातली छोटी सुट्टीही २०२४-२५ पासून रद्द झाली. २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या पॅरिसच्या पीएसजीने फ्रेंच लीगचे विजेतेपद सहा सामने शिल्लक असतानाच खिशात टाकले होते. वाटेत त्यांनी मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, अ‍ॅस्टन व्हिला आणि आर्सेनल अशा चार इंग्लिश क्लबांना पाणी पाजले. त्यांचा खेळ सुंदर होता यात वाद नाही. पण पायही ताजे होते.

ही दमछाक आकड्यांतली नाही, हाडामांसाची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीचा स्पॅनिश खेळाडू रॉड्री याला सामन्यांच्या ओझ्याविषयी पत्रकारांनी विचारले. खेळाडू संपाच्या जवळ येऊन ठेपले आहेत, असे तो म्हणाला. आदल्या हंगामात क्लब आणि देश मिळून तो साठहून अधिक सामने खेळला होता. हे बोलून पाच दिवस होतात न होतात तोच आर्सेनलविरुद्धच्या लीग सामन्यात त्याचा गुडघा गेला. पुढच्या महिन्यात वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून बॅलन डी’ओर घ्यायला तो कुबड्यांवर आला. त्याच्याविना सिटीची घडी विस्कटली आणि फेब्रुवारीत रिअल माद्रिदने त्यांना दोन्ही सामन्यांत हरवून बाहेर काढले.

तिसरी दोरी शिकण्याची. आज प्रीमियर लीगमध्ये युरोपचे सगळे शहाणपण विकत मिळते. व्यवस्थापक जर्मन, स्पॅनिश, इटालियन. खेळाडू तर जगभरचे. १९९९ मध्ये चेल्सीने एका लीग सामन्याला एकही ब्रिटिश खेळाडू नसलेला संघ उतरवला होता. पण विकत घेतलेले शहाणपण गुरुजींबरोबर येते आणि गुरुजींबरोबर जाते. प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंत एकाही इंग्रज व्यवस्थापकाने ती जिंकलेली नाही. युरोपियन कप जिंकणारा शेवटचा इंग्रज व्यवस्थापक म्हणजे १९८४ मधले लिव्हरपूलचे जो फेगन. तेच ते बुटांच्या खोलीत बसून हरलेल्या सामन्याचा कीस काढणारे.

सोळा दिवसांचे कौतुक

साहेबाचे मन नेमके कुठे गुंतले आहे, हे २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा एकदा दिसले. बिल्बाओ येथे युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला १-० असे हरवले. दोन्ही क्लब इंग्लंडचे. पण त्या हंगामात लीगमध्ये टॉटनहॅम सतराव्या आणि युनायटेड पंधराव्या क्रमांकावर राहिले. टॉटनहॅमने सतरा वर्षांत एकही चषक पाहिला नव्हता. युरोपातला त्यांचा याआधीचा चषक १९८४ चा, म्हणजे ४१ वर्षांपूर्वीचा. ज्या पोरांनी आजोबांकडून त्या विजयाच्या गोष्टी ऐकल्या, त्यांनी आता स्वतःच्या डोळ्यांनी विजय पाहिला. लंडनच्या रस्त्यांवर मिरवणूक निघाली.

आणि व्यवस्थापक आंजे पोस्तेकोग्लू? चषक उचलल्यावर सोळाव्या दिवशी क्लबने त्यांच्या हाती नारळ ठेवला. लीगमध्ये २२ सामने हरले होते ना!

१९५५ मध्ये चेल्सीला युरोपला जाऊ नको म्हणून सांगणारे कारभारी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले. मैदाने बदलली, मालक बदलले, पैसा आभाळाला भिडला. पण शनिवार अजून बुधवारचा मालकच आहे. घरचे लग्न इतक्या थाटात लावायचे की व्याह्यांच्या दारी पोचेपर्यंत वऱ्हाडाच्या पायांत त्राण उरू नये, अशी ही रीत. ती मोडायची तर थोडा थाट कमी करावा लागेल, एखादा चषक सोडावा लागेल, दोन क्लबांना लीगबाहेर काढावे लागेल. साहेब ते करील, असे दिसत नाही. त्याच्या गावातल्या माणसाला माद्रिदचा चषक हवा असतो, नाही असे नाही. पण नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, थंडीत कुडकुडत, नातवाचा हात धरून मैदानावर जाणे त्याला त्याहून अधिक हवे असते. ही त्याची चूक म्हणावी की शहाणपण, हे ज्याने त्याने ठरवावे.